भाकरी घरी थापायची की खानावळ लावायची? शोधयंत्रांचा छोटा इतिहास आणि आपले जुने कागद



आजचं व्याख्यान नेकनूरमध्ये होतंय, तेव्हा सुरुवात इथूनच करू. आम्ही काही जण या भागातल्या जुन्या कागदांच्या याद्या करतो. कागद म्हणजे कुणाच्या पेटीतला खासरा पाहणीचा उतारा, कुठल्या शाळेच्या रजिस्टरची झेरॉक्स, इनामाचे कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी. काही मराठीत, काही मोडीत, काही उर्दूत. गाव, नाव, साल, गठ्ठा नंबर, पान नंबर, एवढं संगणकात भरायचं. मग माणूस येतो आणि म्हणतो, "आमच्या आज्याचं नाव कुठं हाये का बघा."

आपण नाव टाकतो. यंत्र म्हणतं, सापडलं नाही.

आता बघा, या उत्तराचे अर्थ दोन होतात. एक, नोंदच नाही. दुसरा, नोंद आहे, पण यंत्राला ती सापडली नाही. समोर बसलेल्या माणसाला हे दोन्ही सारखंच ऐकू येतं. तो उठतो आणि घरी जातो. म्हणून शोधयंत्र कसं बांधायचं हा प्रश्न नुसता संगणकवाल्यांचा राहत नाही. सगळं स्वतः लिहायचं, की तयार असलेलं उभं करायचं, याचा इतिहास आज आपण बघणार आहोत.

सोपं करून सांगतो. आठवडी बाजारातून ज्वारी आणायची, निवडायची, दळायची, चूल पेटवायची आणि भाकरी थापायची, हा एक मार्ग. गावात खानावळ लावायची, हा दुसरा. पहिल्यात सगळं आपल्या हातात असतं, आणि सगळं आपल्याच डोक्यावरही असतं. दुसऱ्यात ताट समोर येतं, पण भाजी तिथं असेल तीच.

संगणकाच्या आधीचा शोध

शोध ही गोष्ट संगणकानं आणली, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. शब्द आणि त्यापुढे पानांचे आकडे. पुस्तक पानाकडून शब्दाकडे जातं, सूची शब्दाकडून पानाकडे. ही उलटी यादी म्हणजेच शोधयंत्राचं मूळ. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये सेंट शेरच्या ह्यूच्या देखरेखीखाली डॉमिनिकन साधूंनी बायबलची अशी शब्दसूची केली. कुठला शब्द कुठल्या अध्यायात आला, ते हातानं लिहून काढलं.

आपल्याकडचं उदाहरण याहून मोठं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या बृहत्कोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले, प्रत्येक शब्द कुठे आला त्याची एक चिठ्ठी. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या झाल्या. त्या चिठ्ठ्यांच्या कपाटांसमोर उभं राहिलं, की आजच्या शोधयंत्राच्या पोटात काय असतं ते डोळ्यांनी दिसतं. कोशाचा पहिला भाग १९७६ साली आला. म्हणजे नुसती उलटी यादी नीट लावायला आणि तपासायला २८ वर्षं गेली.

तिसरं उदाहरण पेशवे दफ्तराचं. हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवड करून ४५ खंड काढले. त्यांनी निवडलेलं सगळ्या जगाला सापडतं. न निवडलेलं आजही रुमाल सोडल्याशिवाय सापडत नाही. कागद असणं वेगळं आणि तो सापडणं वेगळं, हे आपण तेव्हापासून बघत आलोय.

ल्युसीन : ज्वारी आणि जातं

आता संगणकाकडे येऊ. १९९९ साली डग कटिंग या अमेरिकन माणसानं जावा भाषेत 'ल्युसीन' लिहिलं. त्याआधी तो झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात, ॲपलमध्ये, एक्साइटमध्ये शोधाचंच काम करत होता. २००० साली त्यानं हे सगळ्यांसाठी खुलं केलं आणि २००१ साली ते अपाची या संस्थेच्या छत्राखाली गेलं. तोवर चांगली शोधयंत्रं मोठ्या कंपन्यांच्या तिजोरीत होती. ल्युसीनमुळे ती विद्या कुणालाही फुकट मिळाली.

पण ल्युसीन म्हणजे लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, तयार कोडची. तुमच्या प्रोग्रामच्या आत बसणारा सुट्या भागांचा संच. मजकुराचे शब्द कसे तोडायचे, उलटी यादी डिस्कवर कशी ठेवायची, सापडलेल्यांत वर कोण आणि खाली कोण, हे तो करतो. हे वरखाली लावण्याचं तत्त्व कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेनं १९७२ साली मांडलं: जो शब्द थोड्याच कागदांत येतो, त्याचं वजन जास्त. आपल्या यादीत 'बीड' हजारो ठिकाणी आहे, त्याला वजन कमी. 'येळंबघाट' थोड्या ठिकाणी आहे, त्याला वजन जास्त. हा हिशेब ल्युसीन करतं.

ते काय करत नाही, तेही ऐका. त्याला स्वतःचा दरवाजा नाही. ब्राउझरमधून त्याला थेट काही विचारता येत नाही. दोन यंत्रांवर माल वाटून ठेवणं, एक बंद पडलं तर दुसऱ्यानं काम उचलणं, कुणाला काय दिसावं हे ठरवणं, हे सगळं तुम्ही लिहायचं. जातं मिळालं, चूल आपली आपण मांडायची.

खानावळी उघडल्या

मग व्हायचं तेच झालं. प्रत्येक कंपनी ल्युसीनभोवती तीच चूल मांडायला लागली. सीनेट या अमेरिकन कंपनीत योनिक सीली यानं २००४ साली असा एक सर्व्हर लिहिला, त्याचं नाव सोलर. कंपनीनं तो २००६ साली अपाचीला देऊन टाकला. मजकूर पाठवायचा, प्रश्न पाठवायचा, उत्तर यायचं. जावा येत नसलं तरी चालायचं.

दुसरी गोष्ट शाय बॅनन या इस्रायली माणसाची. त्याची बायको लंडनमध्ये स्वयंपाकाचं शिक्षण घेत होती. तिच्या पाककृती शोधायला काहीतरी करावं म्हणून तो ल्युसीनकडे आला. ल्युसीन थेट वापरणं त्याला अवघड गेलं, म्हणून आधी 'कंपास' नावाचं आवरण लिहिलं, आणि पुढे सगळं नव्यानं मांडून २०१० साली 'इलॅस्टिकसर्च' बाहेर काढलं. पहिल्यापासूनच अनेक यंत्रांवर पसरता येईल अशी त्याची रचना होती. म्हणजे आमचा भाकरीचा दाखला अगदीच ओढूनताणून आणलेला नाही, सुरुवात स्वयंपाकघरापासूनच झाली. (हशा)

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सोलर काय आणि इलॅस्टिकसर्च काय, दोन्हींच्या पोटात ल्युसीनच आहे. खानावळीतही ज्वारी तीच. मग निवड नेमकी कशाची? चुलीपाशी कोण उभं राहणार, याची.

विकिपीडियानं काय केलं

याचा सगळ्यात शिकण्यासारखा दाखला आपण सगळे वापरतो. मराठी विकिपीडिया २००३ सालचा. त्यावरचा शोध हा जगभरच्या सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक यंत्रणेवर चालतो. या यंत्रणेनं अनेक वर्षं पहिला मार्ग धरला होता. ल्युसीन घेऊन त्याभोवती स्वतःचा सर्व्हर लिहिला होता. रॉबर्ट स्टोयनिच यानं त्यातलं मोठं काम केलं. त्या काळात ते शहाणपणाचंच होतं, कारण एवढ्या भाषा आणि एवढा व्याप पेलणारी खानावळ तेव्हा नव्हती.

पण काळ सरला. लिहिणारे दुसऱ्या कामाला लागले. कोड चालू होता, पण तो आतून समजणारं माणूस उरलं नाही. लेखात बदल केला तर तो शोधात लगेच दिसायचा नाही. आणखी एक अडचण होती. विकिपीडियावर 'साचे' असतात. गावाच्या लेखात उजवीकडे तालुका, जिल्हा, लोकसंख्या अशी चौकट दिसते ना, ती साच्यातून येते. जुना शोध लेखाचा कच्चा मजकूर वाचायचा, साचा उलगडून आलेला मजकूर त्याला दिसायचा नाही. वाचकाला पानावर शब्द दिसतोय आणि शोधाला सापडत नाही.

२०१३ साली निक एव्हरेट आणि चॅड होरोही यांनी हे काम नव्यानं हाती घेतलं. त्यांनी सोलर आणि इलॅस्टिकसर्च दोन्ही पाहिले. सुरुवात सोलरवर झाली, मग ते इलॅस्टिकसर्चकडे वळले. २०१४ अखेरपर्यंत सगळे विकी नव्या शोधावर आले. साच्यांतला मजकूर सापडू लागला, बदल थोड्या वेळात दिसू लागले.

आता यातून काय घ्यायचं? स्वतः लिहिणारे लोक कमी हुशार होते, असं अजिबात नाही. स्वतः लिहिलेलं सांभाळायला कायम माणूस लागतो, आणि माणूस कायम राहत नाही. एवढ्या मोठ्या संस्थेला जे जमणं कठीण गेलं, ते आपल्या चारपाच जणांच्या गटाला कसं जमणार?

आम्हाला हे फार उशिरा कळलं. आम्ही आमच्या यादीसाठी ल्युसीन घेऊन सगळं घरीच बांधलं. आमच्यातल्या एका मुलानं लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली. लॅपटॉप बदलला, आवृत्ती बदलली. ल्युसीनची नवी आवृत्ती फार जुन्या आवृत्तीची यादी उघडत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कोड कुणाला वाचता येईना. मूळ नोंदी वेगळ्या फाइलमध्ये होत्या म्हणून वाचलो, नाहीतर सगळं पुन्हा भरावं लागलं असतं. चूक कुणाची म्हणाल तर आमचीच.

मराठी कुणीच तयार देत नाही

पण मंडळी, खानावळ लावली म्हणून पोट भरलं, असं समजू नका.

शोधयंत्र आधी शब्द तोडतं. ल्युसीनची शब्दतोड सुरुवातीला देवनागरीला फारशी मानवत नव्हती, काना-मात्रेपाशीच शब्द तुटायचा. २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून युनिकोडच्या नियमांप्रमाणे तोड आली, तेव्हा हे सुधारलं. पुढची पायरी म्हणजे शब्दाचं मूळ रूप ओळखणं. त्यासाठी प्रत्येक भाषेचा वेगळा संच लागतो. इंग्रजीचा आहे, हिंदीचा आहे, बंगाली, तमिळ, तेलुगू, नेपाळी आहेत. मराठीचा तसा तयार संच ल्युसीनमध्ये नाही. म्हणून पुष्कळ जण हिंदीचाच लावतात. लिपी एक आहे, चालून जाईल म्हणतात.

चालत नाही. मराठीत सामान्यरूप असतं. 'पाटील' म्हणता म्हणता 'पाटलाचा' होतो. 'विहीर' 'विहिरीत' होते, 'सातबारा' 'सातबाऱ्यावर' जातो. हिंदीच्या संचाला हे ठाऊक नाही. 'नेकनूरचा', 'नेकनूरहून', 'नेकनूरला' हे त्याला तीन वेगळे शब्द. हिंदीत 'कर' हा क्रियापदाचा बारीक तुकडा, म्हणून शोधताना गाळायच्या शब्दांच्या यादीत तो असतो. आपल्याकडे 'कर' म्हणजे सरकारी कर! कराची पावती शोधणाऱ्याचा मुख्य शब्दच यंत्र गिळून टाकतं. हिंदीचा संच ऱ्हस्व-दीर्घ एक करतो. त्यानं 'नेकनूर' आणि 'नेकनुर' जुळतात, हा फायदा. पण 'दिन' आणि 'दीन'ही एक होतात, हा तोटा.

त्यात आपला 'ऱ्या'. 'सातबाऱ्या' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एकात मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. आकडेही तसेच. कुणी ७/१२ देवनागरीत लिहितो, कुणी इंग्रजी आकड्यांत, कुणी अक्षरात. आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली तर यंत्राला मराठी वाटतच नाहीत. त्या आधी बदलून घ्याव्या लागतात.

हे सगळं लायब्ररी घेतली तरी आपणच करायचं, आणि सर्व्हर घेतला तरी आपणच करायचं. फरक एवढाच, की सर्व्हर घेतला तर बाकीच्या कामातून सुटका होते आणि हे करायला वेळ उरतो. आमच्या मते सगळ्या निवडीचं उत्तर इथं आहे.

विठोबा आणि इठोबा

आता हे इथं, या जिल्ह्यात, का महत्त्वाचं आहे?

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. दफ्तराची भाषा आधी फारसी, मग १८८४ पासून उर्दू. खाली गावात लिहिणारा मोडीत लिहायचा. जिल्ह्याचं नावसुद्धा कुठं बीड, कुठं भीर. २०२३ च्या सप्टेंबरात शासनानं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या, हे तिचं काम. त्या मागणीच्या बाजूनं किंवा विरोधात आज आपल्याला बोलायचं नाही. शोधाचा आकार तेवढा बघा. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले आणि ११,५३० नोंदी मिळाल्या. म्हणजे साधारण दीड हजार कागदांमागे एक नोंद. एका चुकलेल्या स्पेलिंगनं काय निसटू शकतं, याचा विचार करा.

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. आज्याचं नाव विठोबा. आम्ही टाकलं, सापडलं नाही, तसं सांगितलं. ते गेले. दोनेक महिन्यांनी निवृत्त झालेले एक तलाठी आमच्याकडे बसले होते. छापील यादी चाळता चाळता म्हणाले, "हे काय, इठोबा आहे की इथं." गाव तेच, गट तोच. लिहिणाऱ्यानं कानाला आलं तसं लिहिलं होतं. ज्ञानोबाचा ग्यानबा, लक्ष्मणाचा लक्षिमन, विठोबाचा इठोबा. आम्ही फोन करून त्यांना परत बोलावलं. पण मधले दोन महिने ते "नोंद नाही" असंच धरून बसले होते, आणि ते आमच्या यंत्रानं नव्हे, आम्ही सांगितलं होतं.

त्या दिवसानंतर आम्ही एक वही केली. गावातल्या जाणत्या माणसांना विचारायचं, या नावाला आणखी काय म्हणायचे? ती वही आता शोधयंत्रात समानार्थी शब्दांची यादी म्हणून बसली आहे. ही यादी कुठलीही कंपनी देणार नाही. ती नेकनूरला मिळेल, चौसाळ्याला मिळेल, केजला मिळेल.

मग काय घ्यावं?

आमचा सल्ला थोडक्यात असा. कागद हजारोंच्या वर, माणसं अनेक ठिकाणांहून शोधणार, आणि गटात कायमचा प्रोग्रामर नाही, तर तयार सर्व्हर घ्या. मराठीचे नियम, नावांची यादी, गाळायचे शब्द हे मात्र वेगळ्या साध्या फाइलींत ठेवा. सोलर असो, इलॅस्टिकसर्च असो, की नुसतं ल्युसीन, पोट एकच असल्यानं ही शिदोरी कुठंही नेता येते. नियम बदलले, की सगळी यादी पुन्हा बांधावी लागते, म्हणून मूळ नोंदी कायम वेगळ्या जपा.

खानावळीचा मालक बदलतो, हेही लक्षात असू द्या. २०२१ साली इलॅस्टिकसर्चच्या कंपनीनं परवाना बदलला, तेव्हा ॲमेझॉननं आधीच्या खुल्या आवृत्तीवरून 'ओपनसर्च' नावाची वेगळी शाखा काढली. २०२४ साली कंपनीनं पुन्हा एक खुला परवाना जोडला. ल्युसीन आणि सोलर मात्र अपाचीकडे होते तसेच आहेत.

आणि कुलूप लावा. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातले हजारो इलॅस्टिकसर्च सर्व्हर पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे सापडले. चोरांनी माल पुसून खंडणी मागितली. आपल्याकडे लोकांच्या घरातली नावं आहेत. ती उघड्यावर ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : आमच्या ग्रंथालयात एकच जुना लॅपटॉप आहे, इंटरनेट कधी असतं कधी नसतं. तिथंही सर्व्हरच?*

नाही. तिथं सर्व्हर म्हणजे चार भाकरींसाठी खानावळ उघडण्यासारखं. त्याला मेमरी पुष्कळ लागते. एकच यंत्र, एकच वापरणारा, काही हजार नोंदी, तिथं लायब्ररीवर बांधलेला छोटा प्रोग्राम उत्तम. फक्त दोघांना तरी तो कोड समजला पाहिजे, आणि काय केलंय ते मराठीत लिहून ठेवलं पाहिजे.

*प्रश्न : आता मोडी वाचणारी यंत्रं येतायत म्हणे. मग ही यादी कशाला?*

येऊ देत, आनंदच आहे. पण यंत्रानं 'इठोबा' बरोबर वाचलं, तरी तो विठोबा आहे हे कुणीतरी सांगावंच लागेल. ते सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. सर्व्हर पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. वही मात्र या उन्हाळ्यातच करा.